ठाणे ते कल्याण, व्हाया एसी

हिरव्या नंबरप्लेटची गाडी घेतली, ईएमआय सुरू झाला, पेट्रोल पंपाला टाटा केला. आणि ऐन मे महिन्यात एसीने दगा दिला. मग? चला, घोडबंदर रोडपासून कल्याणच्या खाडीपर्यंत एक चक्कर मारू या, गाडीच्या पोटातल्या एका छोट्याशा डब्याचा माग काढत...

मे महिन्यातला शनिवार, दुपारचे दोन. कापूरबावडीहून निघालेली गाडी मानपाड्याच्या सिग्नलला येऊन थांबलीय. वर मेट्रोचे खांब, समोर कंटेनरची रांग, बाजूला रिक्षावाल्याचा न थांबणारा हॉर्न. पण आपल्याला काय त्याचं? काच वर आहे, एसी २४ वर आहे, एफएम सुरू आहे. इंजिनाचा आवाज नाही, थरथर नाही. सगळं कसं कूल कूल! आणि अचानक समोरून येणारी थंड हवा कोमट होते. मग गरम. स्क्रीनवर सगळं नॉर्मल. गाडीही मस्त पळतेय. फक्त हवा गेलीय.

जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही बाजारात आली, सप्टेंबर २०२२ मध्ये टियागो ईव्ही आली आणि 'बघू, घेऊ कधीतरी' म्हणणाऱ्यांच्या सोसायटीत चार्जर बसायला लागले. एमएच-०४ म्हणजे ठाणे, एमएच-०५ म्हणजे कल्याण. दोन्ही सिरीजच्या हिरव्या प्लेट आता रस्त्यावर सहज दिसतात. पहिल्या लॉटमधल्या गाड्यांचं नव्याचं नवलही संपलंय. बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी सगळ्यांना पाठ असते. ती एसीच्या कॉम्प्रेसरला सहसा लागू नसते, हे मात्र बरेचदा बिल हातात पडल्यावर कळतं. आणि हे बिल साधंसुधं नसतं, बॉस. अख्खा कॉम्प्रेसर बदलायचा तर महिन्याच्या पगाराला भगदाड पडू शकतं. म्हणूनच बिघाड नक्की कुठे आहे, हे आधी कळणं महत्त्वाचं.

स्टॉप १ : घोडबंदर रोड

आधी हा डबा समजून घेऊ. पेट्रोल गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. एसीचं बटण दाबलं की पुढे बॉनेटमध्ये 'टक्' असा आवाज येतो. तो मॅग्नेटिक क्लचचा. जुने मेकॅनिक कान लावून तो 'टक्' ऐकायचे आणि अर्धं निदान तिथेच व्हायचं. 'टक्' झालं म्हणजे वायरिंग ठीक, नाही झालं म्हणजे फ्यूज, रिले, नाहीतर क्लच.

इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नाही, मग पट्टा कुठला आणि क्लच कुठला! इथे कॉम्प्रेसरच्या पोटातच मोटर असते. तिला वीज देणारा इन्व्हर्टर बहुधा त्याच्याच पाठीवर बसवलेला असतो आणि त्यात नारिंगी रंगाच्या जाड केबलमधून थेट मोठ्या बॅटरीची वीज येते. आत दोन चकल्या एकमेकींत अडकवल्यासारखे दोन धातूचे स्क्रोल असतात. एक स्थिर, दुसरा त्याच्यात घोळत फिरणारा. त्यांच्या मधल्या जागेत गॅस दाबला जातो. बाहेर आवाज? जवळजवळ नाहीच. म्हणजे कान लावून बसणाऱ्या उस्तादाचं पहिलं हत्यारच गेलं.

पण तुमच्या हातात एक हत्यार आहे आणि ते वापरायला घोडबंदरच्या ट्रॅफिकइतकी चांगली जागा नाही. पेट्रोल गाडीत सिग्नलला एसी थोडा ढेपाळतो, कारण इंजिनच संथ झालेलं असतं. इलेक्ट्रिक गाडीत कॉम्प्रेसरला गाडीच्या वेगाशी देणंघेणं नाही. उभ्या गाडीतही तो हवा तेवढा फिरू शकतो. म्हणून गाडी पळताना हवा थंड आणि सिग्नलला गरम असं होत असेल, तर पहिला संशय कॉम्प्रेसरवर घेऊ नका. पुढच्या बाजूला असलेला कंडेन्सर आणि त्याचा पंखा बघा. गाडी पळताना वारा आपोआप लागतो, उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. पंखा बंद पडला असेल किंवा कंडेन्सरच्या जाळीत माती बसली असेल, तर आतला दाब वाढतो आणि गाडी स्वतःच कॉम्प्रेसरचा वेग कमी करते किंवा तो बंद करते.

आणि घोडबंदरवर माती कशी बसते, हे ठाणेकरांना सांगायची गरज आहे का? मेट्रो ४ चं काम, रस्त्याचं काम, रस्त्याच्या कामावरचं काम... वर्षानुवर्षं हा रोड धूळ खातोय आणि खायलाही घालतोय. तीच धूळ केबिन फिल्टरमध्येही जाते. हवेचा झोतच कमी झाला असेल, पण जी येतेय ती थंड असेल, तर आधी फिल्टर काढून बघा. तो बदलायला दहा मिनिटं लागतात आणि त्याचा कॉम्प्रेसरशी काही संबंध नाही.

स्टॉप २ : वागळे इस्टेट

थंड हवा हा ठाण्याचा जुना धंदा आहे, हे नव्या टॉवरमध्ये राहायला आलेल्यांना माहीत नसतं. आज जिथे गेटेड कॉम्प्लेक्स आणि कॅफे आहेत, त्या पोखरण रोड नंबर २ वर एकेकाळी व्होल्टास आणि ब्लू स्टार या दोघांचेही कारखाने होते. ब्लू स्टार १९४३ ची, व्होल्टास १९५४ ची. अशा कारखान्यांमुळे कॉम्प्रेसर, कंडेन्सर, तांब्याची नळी, ब्रेझिंग हे शब्द ठाण्यातल्या कितीतरी घरांत 'बाबांच्या कंपनीतले' म्हणून ओळखीचे झाले.

थोडं पुढे वागळे इस्टेट. एमआयडीसीच्या सगळ्यात जुन्या वसाहतींपैकी एक. आता तिथे आयटीवाले लंचब्रेकला फिरताना दिसतात, पण गल्ल्यांमध्ये लेथ, पत्रे, पेंट आणि गॅरेजं अजून आहेत. आणि गॅरेजात गेलात, की एसीच्या कुठल्याही तक्रारीवर पहिलं उत्तर ठरलेलं : "गॅस कमी झालाय, भरून टाकू."

इथेच थांबा. गॅस हा काही पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे भोक असलेल्या बादलीत पाणी ओतणं.

दुसरी गंमत गेजची. गाडी बंद असताना गेज लावलं, बाहेर तीसेक डिग्री तापमान असलं, तर आर-१३४ए गॅसचा दाब साधारण ९५ ते १०० पीएसआय दिसतो. मेकॅनिक खूश, तुम्हीही खूश. पण हा दाब तापमानावर ठरतो, किती गॅस आहे त्यावर नाही. नळीत थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत गेज तोच आकडा दाखवत राहणार. निम्मा गॅस उडाला असला तरी! स्वयंपाकघरातला सिलिंडर आठवा. शेवटच्या दिवसापर्यंत शेगडी तशीच जोरात चालते, म्हणून तर आपण तो हलवून बघतो. एसीचंही तसंच. खरा हिशेब वजनाचा. सगळा गॅस मशीनने बाहेर काढायचा, तोलायचा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमशी ताडून बघायचा.

त्याच्याही आधी स्कॅनर. चांगला टेक्निशियन नुसता फॉल्ट कोड वाचून थांबत नाही, लाइव्ह डेटा बघतो. गाडीने कॉम्प्रेसरला किती वेगाने फिरायला सांगितलं आणि तो खरंच किती फिरतोय? या एका प्रश्नाने केसचे दोन तुकडे होतात. गाडीने फिर असं सांगितलंच नसेल, तर कॉम्प्रेसर निर्दोष. मग प्रेशर सेन्सर, आतल्या कॉइलचा टेम्परेचर सेन्सर, कमी गॅस किंवा अगदी कमी चार्ज यांच्याकडे वळायचं. सांगितलं आणि तरी फिरला नाही, तर मग त्याच्या वायरिंगकडे, फ्यूजकडे आणि शेवटी त्याच्याकडे. थोडक्यात काय, तर आरोपी शेवटी पकडायचा, आधी साक्षीदार तपासायचे.

इतकं डोकं चालवल्यावर स्टेशनकडे वळून कुंजविहारचा वडापाव किंवा मामलेदारची मिसळ हवीच. मिसळीने घाम फुटला तर दोष एसीचा नाही.

स्टॉप ३ : शीळफाटा

कळव्यावरून मुंब्रा बायपास आणि तिथून शीळफाटा. जेएनपीएचे कंटेनर, डंपर, खडीचे ट्रक आणि त्यांच्यामध्ये चेपलेल्या आपण. कल्याण-शीळ रोडवर ज्याने तासभर काढला, त्याला ध्यानधारणेचा वेगळा क्लास लावावा लागत नाही.

या रोडवर दोन गोष्टी होतात. एक, पुढच्या ट्रकमधून उडालेला खडा. कंडेन्सर सगळ्यात पुढे असतो, ग्रिलच्या मागेच. त्याच्या ॲल्युमिनियमच्या बारीक नळीला एक टोक लागलं, की गॅस हळूहळू जायला लागतो. महिन्याभराने तुम्हाला जाणवतं आणि तोपर्यंत खडा कोणाच्या लक्षात राहणार! अशी गळती शोधायला नायट्रोजन भरून दाब टिकतोय का बघतात, साबणाचा फेस लावतात, सेन्सर फिरवतात किंवा गाडीला चालणारा खास रंग गॅसबरोबर सोडून निळ्या दिव्याखाली बघतात. ओ-रिंग निघाली तर किरकोळ खर्चात सुटका, कंडेन्सर निघाला तर थोडा जास्त. पण तसंच दामटवलं तर? कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. आतली मोटरही परत येणाऱ्या गॅसनेच गार राहते. गॅस कमी म्हणजे तेल कमी, गारवा कमी. गाडीचा सेन्सर बहुतेक वेळा त्याला थांबवतो, पण काठावरच्या गॅसवर महिनोन् महिने चालवलेला कॉम्प्रेसर शेवटी आतून खरवडला जातो. एका ओ-रिंगचं काम मग पूर्ण असेंब्लीवर जातं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. पाण्याने थंड होणारी बॅटरी असलेल्या बऱ्याच गाड्यांत हाच कॉम्प्रेसर बॅटरीलाही गार ठेवतो. गॅस एका छोट्या चिलरमधून जातो, तिथे बॅटरीभोवती फिरणारं कूलंट थंड होतं. म्हणून डीसी फास्ट चार्जरवर गाडी लावली, की आत कोणी नसतानाही बॉनेटखालून घूं घूं येतं. घाबरू नका, तो बॅटरीचा एसी. पण कॉम्प्रेसर आजारी असेल, तर उन्हाळ्यात बॅटरी तापते आणि गाडी स्वतःला वाचवण्यासाठी चार्जिंगचा वेग उतरवते, कधी ताकदही. तेव्हा एसी कमी लागतोय आणि फास्ट चार्जिंगही हल्ली स्लो झालंय, या दोन तक्रारी सर्व्हिस सेंटरमध्ये एकत्र सांगा. त्या एकाच आजाराच्या असू शकतात. आणि 'काचा खाली करून चालवू, त्यात काय' हा पेट्रोल जमान्यातला जुगाड इथे पुरणार नाही. तुम्हाला वारा मिळेल, बॅटरीला नाही.

हाच प्रश्न मोठ्या प्रमाणात बसमध्येही आहे. ठाणे परिवहनच्या ताफ्यात २०२३ पासून एसी इलेक्ट्रिक बस आल्या, त्याच वर्षी ठाणे-पुणे मार्गावर ई-शिवनेरीही धावायला लागली. बसचा एसी छपरावर असतो. तिथे हवा गेली, की एका कुटुंबाचा नाही, अख्ख्या बसचा घामटा निघतो.

स्टॉप ४ : डोंबिवली

काटई नाक्यावरून वळलात की एमआयडीसी आणि मग डोंबिवली. १९९९ पासून गुढीपाडव्याची शोभायात्रा काढणारं, फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे नटूनथटून जमणारं गाव. आणि २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस, २०२० च्या फेब्रुवारीत गुलाबी रस्ता बघितलेलंही तेच.

डोंबिवलीत गाड्यांपेक्षा पार्किंग कमी. जुन्या तीन-चार मजली सोसायट्या, खाली स्टिल्ट, शेजारी गटार. म्हणजे उंदीरमामांची मजाच! उभ्या गाडीच्या उबदार बॉनेटमध्ये शिरून वायर कुरतडणं हा त्यांचा आवडता टाइमपास. नारिंगी जाड केबलपेक्षा बारीक सिग्नल वायरींचा बळी आधी जातो आणि गंमत अशी, की कॉम्प्रेसर बंद पाडायला तेवढं पुरेसं असतं. त्याला मोठ्या बॅटरीची वीज लागते, तशी छोट्या १२ व्होल्टची आणि गाडीच्या कॉम्प्युटरकडून येणाऱ्या निरोपाचीही लागते. निरोपाची वायर तुटली, तर शंभर टक्के धडधाकट कॉम्प्रेसर गप्प बसून राहतो. स्कॅनरवर 'संपर्क नाही' अशा अर्थाचा कोड येतो. हा कोड बघून कोणी थेट कॉम्प्रेसर बदला म्हणालं, तर शांतपणे विचारा : १२ व्होल्टची बॅटरी, फ्यूज, अर्थिंग आणि वायर तपासली का?

मग पावसाळा. २६ जुलै २००५ या भागात कोणी विसरलेलं नाही. तेवढं नाही, पण घोटाभर पाणी तर दर वर्षी साचतंच. कॉम्प्रेसर बऱ्याच गाड्यांत खालच्या बाजूला असतो. त्याचे कनेक्टर सीलबंद असतात, पण सील दुखावलं, आत ओल गेली, पिनांवर हिरवट थर चढला, की दुखणं सुरू. मोठ्या व्होल्टेजच्या कनेक्टरमधून इंटरलॉक नावाचं एक बारीक सर्किटही जातं. कनेक्टर नीट बसला नसेल, तर ते तुटतं आणि गाडी मोठी वीज तोडते. कधी फक्त एसी जातो, कधी गाडीच सुरू होत नाही. पावसात बंद आणि उन्हात सुरू अशी लपाछपी चालली असेल, तर तारीख, वेळ, पाऊस होता का, हे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली की ती हमखास शहाण्यासारखी वागते, तेव्हा ही नोंदच कामी येते.

स्टॉप ५ : कल्याण

पत्री पुलावरून कल्याणात शिरलं, की खाली रुळांचं जाळं दिसतं. एक फाटा कसाऱ्याला, एक कर्जतला. इथे इलेक्ट्रिक इंजिनांची मोठी शेड आहे. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. मुंबईच्या लोकल पुढे नव्वद वर्षं त्याच डीसीवर पळाल्या. हार्बरवरची शेवटची डीसी लोकल एप्रिल २०१६ मध्ये गेली. म्हणजे हाय व्होल्टेज डीसी ही कल्याणकरांच्या शेजारची जुनी मंडळी. आणि तिच्याशी मस्ती करायची नाही, हे इथल्या रेल्वे कॉलनीतल्या पोरांना लहानपणापासून माहीत.

आपल्या गाडीतल्या नारिंगी केबलमध्ये बहुधा ३०० ते ४०० व्होल्ट डीसी असते. रेल्वेच्या तारेपेक्षा कमी, पण माणूस मारायला भरपूर. म्हणून या शेवटच्या स्टॉपवरची तपासणी तुमची नाही, माझी नाही आणि फक्त पेट्रोल गाड्यांचा अनुभव असलेल्या गॅस भरणाऱ्या दादाचीही नाही. ट्रेनिंग घेतलेला माणूस आधी गाडी बंद करतो, सर्व्हिस प्लग काढतो, कंपनीने सांगितलेली मिनिटं थांबतो. कारण वीज तोडल्यावरही इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये ती थोडा वेळ मुरून राहते. मग १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालून मीटरवर शून्य व्होल्ट बघतो आणि नंतरच कनेक्टरला हात लावतो.

यानंतर मेगर. म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र. घरातल्या वायरिंगसाठी इलेक्ट्रिशियन वापरतो ना, तेच तत्त्व. कॉम्प्रेसरचे मोठ्या विजेचे टर्मिनल आणि गाडीची बॉडी यांच्यात वीज झिरपतेय का, हे बघायचं. आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमात डीसी सर्किटसाठी व्होल्टमागे किमान १०० ओहम धरलेत, म्हणजे ३५० व्होल्टला ३५ हजार ओहम. ही अगदी शेवटची लक्ष्मणरेषा. चांगल्या कॉम्प्रेसरचा आकडा त्याच्या कितीतरी वर, मेगाओहममध्ये असायला हवा. एक सोपी खूणही आहे. गाडी इन्सुलेशनचा कोड दाखवतेय, कॉम्प्रेसरचा कनेक्टर काढल्यावर कोड जातो आणि जोडल्यावर परत येतो, तर मग आरोपी सापडला.

आता सगळ्यात ट्रॅजिक प्रकार. हे इन्सुलेशन बरेचदा गाडी नाही, आपण बिघडवतो. या कॉम्प्रेसरमध्ये मोटरची गुंडाळी गॅस आणि तेलातच बसलेली असते. म्हणून तेल वीज न वाहणारंच लागतं, बहुधा पीओई जातीचं. पेट्रोल गाड्यांत सर्रास पीएजी तेल असतं आणि त्यातून वीज बऱ्यापैकी झिरपते. गॅस भरायच्या मशीनच्या पाइपमध्ये आधीच्या पेट्रोल गाडीचं पीएजी उरलं असेल आणि तोच पाइप तुमच्या ईव्हीला लावला, तर थोडंसं तेल आत जातं. त्या दिवशी हवा मस्त थंड लागते. काही दिवसांनी गाडी इन्सुलेशनचा फॉल्ट दाखवून उभी राहते. स्वस्तात भरलेला गॅस अख्ख्या सिस्टिमची धुलाई आणि नवा कॉम्प्रेसर घेऊन येतो.

सर्व्हिस सेंटरमध्ये विचारायचे ५ प्रश्न

१. किती ग्रॅम गॅस निघाला आणि स्टिकरवर किती लिहिलाय?
२. गळती शोधली का? कुठे सापडली?
३. कॉम्प्रेसरला फिरायची कमांड मिळतेय का? फॉल्ट कोडची प्रिंट मिळेल का?
४. मशीन ईव्हीसाठी वेगळं आहे का? तेल कुठलं टाकणार?
५. कॉम्प्रेसर आतून खरवडला असेल, तर ड्रायर आणि कंडेन्सरचं काय? (नळ्यांत धातूचा चुरा राहिला, तर नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो.)

हे पाच प्रश्न विचारलेत, की काउंटरमागचा माणूस जरा सरसावून बसतो. भांडायची गरज पडत नाही.

आणि त्या कान लावणाऱ्या उस्तादाचं काय? त्याच्यासाठी हा सगळा प्रकार जास्त मोठा आहे. आपलं एक बिल वाढेल, त्याचा धंदा जाईल. आज त्याच्याकडे पेट्रोल-सीएनजीचं काम आहे, उद्या किती राहील? मात्र गळती शोधणं, वजनाने गॅस भरणं, कंडेन्सरची नस ओळखणं ही त्याची विद्या ईव्हीतही जशीच्या तशी लागते. भर पडायला हवी ती हातमोज्यांची, मेगरची, स्कॅनरची आणि वेगळ्या पाइपची. आयटीआयमध्ये आता 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' नावाचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. गॅरेजवाल्याचा मुलगा किंवा मुलगी तो शिकून आली आणि बापाच्या कानाला तिच्या मीटरची जोड मिळाली, तर ठाणे-कल्याण पट्ट्याला यापेक्षा चांगलं गॅरेज कुठलं मिळणार?

संध्याकाळ झालीय. दुर्गाडीच्या बाजूने खाडीवरचा वारा सुटलाय. खिडकी वड्याची पुडी हातात घ्या, काचा खाली करा. हा एसी फुकट आहे, त्याला गॅस लागत नाही. सोमवारी सकाळी मात्र सर्व्हिस सेंटरला फोन करा. पहिला प्रश्न ग्रॅमचा.